कुंभारणीचं अनुदान

ईमेल आला तेव्हा मी बेळगावाबाहेर काकतीजवळ बसमध्ये उभी होते. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात मोबाईल. कीटकांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक संस्था दरवर्षी थोडी अनुदानं देते. त्यासाठी मुलाखतीला निवडलेल्यांची यादी आली होती आणि तिच्यात माझं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं. आनंद पोटात मावेना, म्हणून शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "मला मुलाखतीला बोलावलंय."

"बरं झालं की. बँकेत काय?"

"न्हाय, माशीसाठी."

त्यांनी मांडीवरची पिशवी जरा आपल्याकडं ओढून घेतली.

अनुदान काही डोळे दिपवणारं नव्हतं. निपाणीकडच्या खेड्यांत एक पावसाळा राहायची सोय, येण्याजाण्याचा खर्च आणि एक बरा कॅमेरा, एवढंच त्यातून होणार होतं. पण ते मिळालं नाही तर माझं काम तिथंच संपणार होतं, यात मला शंका नव्हती. माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एका घरातल्या एका भिंतीवर पीएचडी होत नाही. दुसरी गावं बघायला हवीत आणि दुसरा हंगामही." आप्पांनीही त्यांच्या पद्धतीनं तेच सांगितलं होतं, "आणि एक पावसाळा बघ. न्हाय जमलं तर गुमान बी.एड. कर." आप्पांचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण मी पडले तापट. चारचौघांत ताडकन म्हणून बसले होते की अनुदान मिळवून दाखवते. आता मागं फिरायला तोंड नव्हतं.

माझी माशी म्हणजे कुंभारीण. आपल्या सगळ्यांच्या घरात ती असते. पावसाळ्यात तोंडात चिखलाची गोळी धरून येते, भिंतीवर, कपाटामागं, नाहीतर ट्यूबलाइटच्या पट्टीवर बोराएवढं मडकं बांधते. आत धाग्यानं एक अंडं टांगते, मग बाहेरून हिरव्या अळ्या पकडून आणते. त्यांना जीवे मारत नाही, डंख मारून नुसतं सुन्न करते, आणि मडकं भरलं की तोंड मातीनं लिंपून निघून जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ताजं जेवण समोर असतं. ती कुठल्या पिकावरच्या अळ्या उचलते आणि किती, हे आमच्या भागात कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. ती तंबाखूवरची अळी नेत असेल तर निपाणीच्या शेतकऱ्यानं औषध फवारण्याआधी तिचाही विचार करायला हवा, असं माझं म्हणणं.

पण आमच्याकडं या माशीची चौकशी करणं सोपं नाही. कुंभारणीनं घरात घर बांधलं की त्या घरात पाळणा हलणार असं मानतात. त्यामुळं "तुमच्यात कुंभारणीनं घर केलंय काय?" असं दारात उभं राहून विचारलं की त्याचा अर्थ एकच होतो. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुला कुणी धाडलं गं? सुनेच्या माहेरच्यांनी?" मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "आजकाल कार्ड बी देत्यात व्हय याचं."

आमच्या घरातली कुंभारीण आली ती वहिनीच्या खोलीत. वहिनी म्हणजे अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर निपाणीकडचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. कॅलेंडरच्या खिळ्याच्या वरच पहिलं मडकं तयार झालं आणि आईच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की विचारू नका. त्या भिंतीला केरसुणी लावायची नाही, पंखा मोठा करायचा नाही, असं फर्मान निघालं. वहिनीनं केरसुणी दाराआड उभी केली. ती मुळातच कमी बोलते. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू असतो तेव्हा ती भाकरी थापत ऐकत असते.

मी आठवडाभर बेळगावात, शहापूरच्या एका खोलीत भाड्यानं राहायची आणि शनिवारी घरी यायची. म्हणून वहिनीला म्हटलं, "वैनी, जाता येता तिच्यावर जरा नजर ठेवा." एवढंच. वही दिली नाही, पेन दिलं नाही, कशी नोंद करायची ते सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी बघते तर कॅलेंडरच्या चौकोनाचौकोनात बारीक अक्षरं. मा म्हणजे माती आणली, अ म्हणजे अळी आणली, बं म्हणजे मडकं बंद केलं. प्रत्येक खेपेला एक रेघ. घड्याळ तिच्या खोलीत नाही, म्हणून वेळही तिच्या पद्धतीनं लिहिलेली: "दूध तापल्यावर", "नळ आल्यावर", "आप्पा शेतावर गेल्यावर". दोन महिन्यांत शिकले नव्हते तेवढं मी दारातच उभी राहून शिकले. सकाळी माती, उन्हं चढली की अळ्या, आणि ढगाळ दिवशी सुट्टी.

"वैनी, हे तुम्ही रोज केलं?"

"बसल्या बसल्या काय हुतंय त्याला." मग म्हणाली, "वन्सं, ती आणती ती अळी मी वळीकती. तंबाखूवरची हाय. आता हितं रताळ्याच्या वेलावरनं आणती, पर जात तीच. ल्हानपणी आमाला पानं उलटून येचाय लावायचे."

कॉलेजात जाऊन भिंगाखाली बघितलं तर खरंच ती तीच होती. माझ्या संशोधनाचा विषय त्या एका वाक्यातून निघाला. मार्गदर्शक बाईंना हे सांगताना मी इतक्या जोरात बोलत होते की शेजारच्या प्रयोगशाळेतून एकजण काय झालं म्हणून डोकावून गेला.

त्यानंतरचा शनिवार मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. बसमधून उतरले तर थांब्यावरच शेजारच्या काकूंनी मला गाठलं. "आत्या हुणार म्हणं. पेढे कवा?" मी पळतच घरी गेले, चपला कुठं काढल्या तेही आठवत नाही, आणि स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला मिठी मारली. ती ताठ उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं, तो हात तिनं माझ्या पाठीला लागू दिला नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "ते माशीचे दिवस हायत."

झालं होतं असं. आईला फारसं वाचता येत नाही. सुनेच्या खोलीत कुंभारणीचं घर, आणि त्याच्या खाली सून रोज कॅलेंडरावर खुणा करतेय, म्हणजे ती दिवस मोजतेय असं आई धरून चालली. घरात कुणाला न विचारता शेजारी सांगूनही आली. दोष कुणाला देणार? माझ्या आईला असं वाटणं साहजिक होतं, आणि ते साहजिक होतं हे मला आधी सुचलं नाही. मी अळ्या मोजण्याच्या नादात होते. मला स्वतःचा भयंकर राग आला. आई पदराला डोळे पुसत घरामागच्या परड्यात गेली. अण्णा बाहेरच्या बाहेर कुठंतरी निघून गेला. मला वाटलं, वहिनी आता ते कॅलेंडर फाडून चुलीत घालणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत डोकावले. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं होतं: मा, तीन रेघा, दूध तापल्यावर.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्या कॅलेंडरच्या पानांचे फोटो मी जोडले, कारण दाखवायला माझ्याकडं दुसरं होतंच काय. अर्जात एक रकाना होता: प्राथमिक नोंदी कोणी केल्या? मी लिहिलं: स्वतः अर्जदाराने. खोटं लिहितेय असं त्या वेळी मनातही आलं नाही, आणि हेच मला अजून बोचतं. वाटलं, विषय माझा, नाव माझं, घर आमचं. वहिनीचं कॅलेंडर कोण मोजतंय?

दुसरा घोळ मी निव्वळ हट्टानं घातला. कामाचा गोषवारा इंग्रजीबरोबर कानडीतही द्यायचा होता. मी मराठी शाळेत शिकले. कानडी बोलते झकास, बाजारात भांडतेही, पण लिहिताना अडखळते. खोलीतली मैत्रीण कानडी शाळेतली. ती म्हणाली, "दे, मी बघून देते." मी म्हटलं, काही गरज नाही. कानडीत या माशीला कणज म्हणतात. मी ठसठशीत अक्षरात मथळा लिहिला: निपाणी भागातल्या घरांमधल्या मातीच्या कणजांचा अभ्यास. आणि इंग्रजी पान मागं, कानडी पान पुढं लावून पाकीट बंद केलं.

मुलाखत बेळगावातल्याच एका कॉलेजात होती. मी एक तास आधी जाऊन बसले. व्हरांड्यात इतर मुलंमुली होती. कुणी फुलपाखरांवर काम करणारं, कुणी वाळवीवर, एकजण फक्त शेणातल्या भुंग्यांवर. तो आपल्या भुंग्यांबद्दल असा रंगून बोलत होता की माझी भीती पळाली. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशा घोळक्यात बसले होते जिथं माशी म्हटल्यावर कुणी पिशवी ओढून घेत नव्हतं. मी खुशीत होते.

आत तिघं बसले होते. मधोमध एक वयस्क सर, उजवीकडं पांढऱ्या केसांच्या एक बाई, आणि डावीकडं लिहून घेणारे एक गृहस्थ. बोलणं कानडीत आणि इंग्रजीत मिसळून झालं, मी इथं मराठीत सांगते.

सरांनी विचारलं, "तुमच्या भागात कणज अजून मातीचेच असतात?"

"हो सर, पूर्ण मातीचे."

"केवढे साधारण?"

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, माझ्या बोटांकडं पाहिलं आणि शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, "नमुना म्हणून लहान केला असेल." मग मला, "भरतं कोण?"

"आई भरते, सर. बाप तिकडं फिरकतही नाही."

"आमच्याकडंही ते बायकांचंच काम," ते म्हणाले. "बरं, आत कीड शिरते ती कुठून?"

"शिरत नाही सर. ती बाहेरून पकडून आणते आणि आत भरते."

"कीड? मुद्दाम?"

"हो. चार-पाच अळ्या. मग तोंड मातीनं लिंपून टाकते."

"कशासाठी?"

"मुलांनी खाव्यात म्हणून."

सरांनी पेन खाली ठेवलं. मी काय चुकीचं बोलले ते मला कळेना. तेवढ्यात त्या बाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि कशाबशा म्हणाल्या, "सर, कणज हुळा. माशी हो, माशी. कोठी नव्हे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानडीत कणज म्हणजे ही माशी, आणि कणज म्हणजेच धान्याची कोठीही. आपली कणगी म्हणतो ना, तीच. मातीच्या कणजांचा अभ्यास वाचून माझा अर्ज कुणीतरी साठवणीतल्या धान्याच्या गटात टाकला होता, आणि समोर बसलेल्या सरांनी जन्मभर ज्वारीतल्या सोंडे किड्यांवर काम केलं होतं. मी जमिनीत शिरायची तेवढी राहिले. पण सर स्वतःच असे मोठ्यानं हसले की बाहेरचा भुंगेवाला दारातून डोकावला.

"आता पहिल्यापासून सांगा," ते म्हणाले.

मग काय, मला आवरणं कठीण झालं. मी उठून उभी राहिले, फळ्यावर मडकं काढलं, अंडं टांगलं, अळ्या भरल्या, बाजूला नावं लिहिली. निपाणीच्या तंबाखूचं सांगितलं. ओळखपत्र बघणाऱ्या आक्कांची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "आमच्या माहेरीही ते घरटं पाडत नसत." मी म्हटलं, "म्हणूनच तर मॅडम. जिथं मूल झालं तिथलं घरटं वर्षानुवर्षं तसंच असतं, आणि ते कधी बांधलं ते घरातली प्रत्येक बाई सांगते. पोरगं तिसरीत असेल तर घरटंही तेवढ्याच वयाचं. असे तारीख माहीत असलेले नमुने कुठल्या संग्रहालयात मिळणार?" सरांनी मान डोलावून लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलं.

"आणि जिथं मूल झालं नाही," बाईंनी विचारलं, "तिथल्या घरट्याची आठवण कोण ठेवतं?"

मी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी माझ्या अर्जाची पानं उलटली आणि कॅलेंडरचा फोटो समोर ठेवला.

"हे कुणाचं घर?"

"आमचं."

"हे अक्षर तुमचं नाही. फळ्यावरचं वेगळं आहे."

बहाणे मला तीन-चार सुचले, एवढी मी हुशार आहे. पण त्या चौकोनातली ती ओळ दिसत होती, मा, तीन रेघा, दूध तापल्यावर. घरात सगळ्यांची तोंडं उतरली होती त्याच्या दुसऱ्या सकाळची. माझ्यानं खोटं बोलवेना.

"माझ्या वहिनीचं आहे," मी म्हणाले. "सगळ्या नोंदी तिनं केल्या. ही तंबाखूवरची अळी हेही तिनंच ओळखलं. मी अर्जात चुकीचं लिहिलंय."

लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली. "मग अर्ज नियमात बसत नाही," ते म्हणाले. सरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं.

व्हरांड्यात मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. बी.एड.चा प्रवेश कधी सुरू होतो ते आठवून पाहिलं. आप्पा काय म्हणतील याचा विचार केला, ते काहीच म्हणणार नाहीत हेही कळलं, आणि त्यानं जास्तच वाईट वाटलं. भुंगेवाल्यानं पाण्याची बाटली पुढं केली. ती मी निम्मी संपवली.

आत बोलावलं तेव्हा तिघांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. बाईच बोलल्या. "अनुदान द्यायचं ठरलंय. पण चुकीचा रकाना खोडून तिथं नोंदी करणाऱ्या बाईंचं नाव आजच्या आज घालायचं. पूर्ण नाव. तेही अनुदानाच्या पत्रावर येईल." आणि माझाच अर्ज माझ्या हातात दिला.

मी बाहेर आले ती जवळजवळ पळतच. वहिनीला फोन लावला. ती रताळ्याच्या शेतात होती, मागं आप्पांचा आवाज येत होता.

"वैनी, मिळालं."

"लई बरं झालं बघा."

"आणि ऐका, तुमचं नाव पायजे. नोंदी तुम्ही केल्या न्हाय व्हय? पत्रावर येणार हाय."

पलीकडं बांगड्या वाजल्या, तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला असावा.

"माझं?" तिनं विचारलं.

"व्हय, तुमचं. लिवून टाकती, तुम्हाला फकस्त कळवाय फोन केला." मी एव्हाना भिंतीला कागद टेकवून लिहायलाही सुरुवात केली होती. घरात आम्ही म्हणतो ते नाव, मधे अण्णाचं, शेवटी आमचं आडनाव. पहिलं अक्षर काढून झालंही होतं.

"थांबा वन्सं," ती म्हणाली. "कुठलं लिवालायसा?"

"तुमचंच की."

"ते लग्नात ठिवल्यालं. ताटातल्या तांदळात तुमच्या अण्णांनी लिवल्यालं. अळ्या येचाय मी शिकले ते त्या नावानं न्हाय. माझं शाळंतलं नाव लिवा."

मी पेन थांबवलं. मला ते नाव आठवेना. लग्नाच्या पत्रिकेत मी ते नक्की वाचलं असणार, ठळक अक्षरात छापलेलं असणार, पण काही केल्या आठवेना. सहा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो होतो. मी काढलेलं अक्षर खोडलं आणि कॉलेजच्या व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, माझ्या वहिनीला विचारलं, "वैनी, काय हुतं ओ तुमचं नाव?"

तिनं सांगितलं. मग एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. कानडीत कसं लिहायचं तेही सांगितलं, आणि माझं लिहून होईपर्यंत फोन ठेवला नाही.